नगरीची मुद्रा आणि फुटबॉलचा बाजार

बार्सिलोनाच्या फुटबॉल क्लबाच्या संचालकांनी २०१८ च्या सप्टेंबरमध्ये क्लबाच्या मुद्राचिन्हातून ‘एफसीबी’ ही तीन अक्षरे गाळण्याचे ठरविले. चिन्ह सुटसुटीत व्हावे, जगाच्या बाजारात ते सहज ओळखू यावे, हा हेतू. परंतु सभासदांत एवढे काहूर माजले की, महिनाभरातच प्रस्ताव गुंडाळावा लागला. तीन अक्षरांसाठी एवढा गहजब कशाला, असे क्रिकेटवर पोसलेल्या आपल्याकडील वाचकास वाटेल. कोल्हापूरकरांना मात्र हे समजावून सांगण्याचे कारण नाही. तेथे तालमीचा संघ मैदानात उतरला की साऱ्या पेठेची अब्रू पणाला लागते.

या मुद्रेत एका बाजूस संत जॉर्जचा क्रूस आहे, दुसऱ्या बाजूस कॅटलोनियाच्या ध्वजाचे तांबडे-पिवळे पट्टे. हान्स गांपर या स्विस तरुणाने १८९९ मध्ये लावलेले हे रोप कॅटलन अस्मितेने आपलेसे केले, आणि त्याची किंमतही मोजली. १९२५ मध्ये स्पेनच्या राष्ट्रगीताची प्रेक्षकांनी हुर्यो उडविली म्हणून मैदानास टाळे लागले. पुढे फ्रँकोच्या हुकूमशाहीत क्लबाचे नाव स्पॅनिश वळणाचे झाले आणि मुद्रेवरील ध्वजाच्या चार तांबड्या पट्ट्यांचे दोन उरले. ते १९४९ मध्ये परतले. नावाला मात्र सत्तरचे दशक उजाडावे लागले. ‘क्लबाहून काही अधिक’ हे ब्रीद १९६८ चे आहे, आणि त्या काळी ते अक्षरशः खरे होते. कॅटलन भाषेस सार्वजनिक जीवनात स्थान नसताना स्टेडियमच्या गर्दीत ती निर्धास्तपणे बोलली जात असे.

१९९२ मध्ये ऑलिंपिक आणि युरोपीय विजेतेपद दोन्ही या नगरीच्या वाट्यास आले, आणि संघाची कीर्ती व नगरीची कीर्ती एकमेकींत मिसळून गेली. क्लबाचे संग्रहालय कॅटलोनियातील सर्वाधिक गर्दीच्या संग्रहालयांत गणले जाते. पर्यटकांच्या लोंढ्याविरुद्ध नागरिक रस्त्यावर उतरतात, हे या कीर्तीचेच दुसरे अंग होय. शिवाय निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा शर्ट देशोदेशी पोहोचला, पण त्यामागची भाषा पोहोचली असे म्हणवत नाही.

त्या शर्टाच्या छातीवर जाहिरात घ्यावयाची नाही, हा क्लबाचा शतकभराचा बाणा होता. २००६ मध्ये युनिसेफचे नाव आले ते क्लबाने स्वतः देणगी देऊन. पाच वर्षांत त्या जागी कतारच्या एका प्रतिष्ठानाचे नाव झळकले, मग तेथील विमान कंपनीचे. सौजन्याकडून सौद्याकडे जाण्यास वेळ लागला नाही. यात केवळ लोभ होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०२१ मध्ये क्लबाचे कर्ज शंभर कोटी युरोंच्या पार गेले होते. ते फेडावयाचे कोठून?

अध्यक्ष निवडणारे लाखाहून अधिक सभासद हेच या क्लबाचे मालक, कोणी धनाढ्य शेठ नव्हे. १९५७ मध्ये उभारलेल्या ‘कँप नोऊ’ या स्टेडियमच्या नावाआधी स्पॉटिफाय या स्वीडिश कंपनीचे नाव जोडण्याचा करार २०२२ च्या एप्रिलमध्ये सभासदांच्या प्रतिनिधिसभेपुढे आला, तेव्हा तीन अक्षरांच्या वेळचा गहजब कोठेच आढळला नाही. सभेने तो मोठ्या बहुमताने संमत केला.