थक्क चेहरा आणि दोन ओळी

डोळे विस्फारलेले, तोंड उघडे. अशा चित्राला मजेशीर ओळ कशी सुचते? २०१८ मध्ये जगभर फिरलेल्या, कार्टूनमधल्या थक्क पिकाचूच्या मीमने त्याचा साचा घालून दिला: व्हायचे तेच होते, तरी करणाराच चकित होतो. म्हणून ओळीत आधी करणी सांगावी, मग परिणाम. आश्चर्य मात्र चेहऱ्यावर सोडावे.

२०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले बीडचे सीताफळच घ्या.

‘पिकलंय का म्हणून दर घंट्याला दाबून पाह्यलं. सांजच्याला सीताफळ फुटलं.’

खाली तो चेहरा. इथे ‘मला धक्काच बसला’ असे जोडले की गंमत गेली; ते चित्र सांगतेच आहे. मराठवाडी ‘घंट्याला’ऐवजी ‘तासाला’ लिहिले, तर ओळ परिपत्रकासारखी कोरडी होते. मकरंद अनासपुरे यांच्या चित्रपटांनी मराठवाडी बोलीचा ठसका महाराष्ट्रभर पोहोचवला. तो ठसका आपल्या ओळीत जपावा.

ओळ दहा-बारा शब्दांची, मोबाइलवर एका नजरेत वाचता येईल अशी असावी. आणि गल्लीतल्या कुणाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय वापरू नका. हसू प्रसंगाचे यावे, माणसाचे नव्हे.