मोटर बंद आहे म्हणजे काय ?

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या विहिरीवर वा बोअरवर विजेची मोटर आहे. ती पाणी किती फेकते, बिल किती येतें, हें प्रत्येकास तोंडपाठ असतें. परंतु मोटर बंद आहे म्हणजे नक्की काय झालें आहे, याचा विचार फार थोडे करतात. अपघातांचें एक मोठें मूळ येथेंच आहे, असें आमचें मत आहे.

महाराष्ट्रांत शेतीपंपांना थ्री-फेज वीज पुष्कळ ठिकाणीं पाळीपाळीनें मिळते, व रात्रींची पाळी आली कीं झोपमोड होते. म्हणून स्टार्टरला ‘ऑटो’ बसवितात. सोय उत्तम, यांत शंका नाहीं. परंतु वीज गेलेली असतांना फूटव्हॉल्व्ह पाहण्यास विहिरींत उतरलेल्या माणसास ती केव्हां परत येईल हें ठाऊक नसतें, आणि खालीं माणूस आहे हें ऑटोस ठाऊक नसतें. तेव्हां ‘लाईट नाहीं’ या भरंवशावर मोटरला, केबलला वा पाण्याला हात लावूं नये. मेन स्विच बंद करावा, तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशांत घालावे, मग उतरावें. ‘खिशांत’ हा शब्द आम्ही मुद्दाम योजला आहे. पेटीवर ठेवलेले फ्यूज एखादा सालगडी चांगल्याच हेतूनें परत बसवितो.

फ्यूज आपलें रक्षण करील, ही समजूतही सोडावी. 5 अश्वशक्तीची मोटर सुमारें 7 अँपिअर प्रवाह घेते, व फ्यूज त्याहून जाडच असतो. माणसाचें हृदय बंद पाडण्यास एका अँपिअरचा विसावा भागही पुरतो. अर्थिंगवरही डोळे मिटून विसंबूं नये. उन्हाळ्यांत काळी जमीन सुकून भेगाळली व खड्ड्याचा अवरोध 40 ओहम झाला, तर 240 व्होल्टला जमिनींत अवघा 6 अँपिअर प्रवाह जातो. फ्यूज वितळत नाहीं आणि पंपाच्या अंगांत वीज तशीच राहते. मीठ-कोळसा घातलेल्या खड्ड्यालाही पाणी द्यावें लागतें.

2019 सालीं आलेल्या पीएम-कुसुम योजनेनंतर सौर पंप पुष्कळ झाले आहेत. त्यांची मोटर चालविणारी पेटी, म्हणजे कंट्रोलर किंवा ड्राइव्ह, ही स्टार्टरहून अगदीं निराळी वस्तु होय. तिच्या पोटांतील कपॅसिटरांत वीज तोडल्यावरही भार साठून राहतो. 415 व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या ड्राइव्हमध्यें तो सुमारें 580 व्होल्टचा असतो. दिवा विझला म्हणजे पेटी निर्धोक झाली, असें नव्हे. झाकणावर जितकीं मिनिटें लिहिलीं असतील तितकीं, बहुधा 5 ते 10, घड्याळ पाहून थांबावें.

सौर पॅनेलांचें तर ऊन हेंच वीजघर. सूर्य आहे तोंवर तारांत वीज आहे. चालू पंपाची जोडणी ओढून काढली तर ठिणगी विझण्याऐवजीं लांबत जाते, कारण हा एकदिश प्रवाह साध्या विजेप्रमाणें क्षणोक्षणीं शून्यावर येत नाहीं. प्रथम पंप थांबवावा, मग डीसी स्विच पाडावा. पॅनेलांकडील टोकें त्यानंतरही जिवंतच असतात. पेटी उघडण्याचें काम मात्र शेतकऱ्यानें करूंच नये; तें पुरवठादाराच्या कारागिराचें आहे, व त्यास बोलावण्यांत कसूर करूं नये.