१७ ह्रिव्नियाचं अंडं : टेंडरमधला भ्रष्टाचार रोखायला युक्रेनमध्ये राजकीय पाठिंबा कसा उभा राहिला?

जानेवारी २०२३. रशियाच्या आक्रमणाला अकरा महिने होत आले होते. युक्रेनमध्ये तासन्‌तास वीज नसायची, डोक्यावर क्षेपणास्त्रं होती. अशात एका शनिवारी युरी निकोलोव्ह या पत्रकाराने बातमी दिली की, संरक्षण मंत्रालयाने सैनिकांच्या जेवणाचा जो करार केलाय त्यात एका अंड्याचा भाव १७ ह्रिव्निया लावलाय. कीव्हच्या दुकानात तेच अंडं साधारण ७ ह्रिव्नियाला मिळत होतं.

पुढच्या मंगळवारी संरक्षण उपमंत्र्यांनी राजीनामा दिला.

युद्ध चालू असताना, लष्कराच्या खरेदीवर बोट ठेवणं म्हणजे देशद्रोह, असं म्हणून हे प्रकरण सहज दाबता आलं असतं. मंत्र्यांनी ही टायपिंगसारखी तांत्रिक चूक असल्याचं सांगूनही पाहिलं. पण लोक ऐकेनात. कारण त्याआधीची सहा-सात वर्षं त्यांना एक सवय लागली होती. सरकार काय घेतं, कुणाकडून घेतं आणि कितीला घेतं, हे मोबाइलवर बघायची सवय. ती कशी लागली, ही खरी गोष्ट आहे.

सगळ्यांना माहीत असलेलं गुपित

सरकारी खरेदीतला भ्रष्टाचार कुणाला सांगावा लागत नाही. टेंडरच्या अटी एकाच ठेकेदाराच्या मापाने शिवल्या जातात, तीन कंपन्या रिंग करून भाव ठरवतात, टक्केवारी वरपर्यंत जाते. ही भाषा आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्यात कळते, तशीच ती युक्रेनमध्येही कळत होती.

मग सुधारणा का होत नाही? कारण नुकसान सगळ्यांचं थोडं-थोडं असतं आणि फायदा मोजक्यांचा भरपूर असतो. ज्याच्या खिशातून चार आणे जातात तो भांडायला येत नाही. ज्याच्या खिशात ते चार-चार आणे जमा होतात तो मात्र जिवाच्या आकांताने भांडतो. त्याच्याकडे आमदारही असतात, वकीलही असतात.

युक्रेनने तर सुधारणेच्याच नावाखाली झालेली लूटही बघितली होती. २००५ नंतर ‘टेंडर चेंबर’ नावाच्या एका बिगरसरकारी संस्थेला खरेदीवर देखरेखीचे अधिकार कायद्याने मिळाले. हेतू पारदर्शकतेचा सांगितला होता, प्रत्यक्षात वसुलीचं नवं नाकं उभं राहिलं. शेवटी २००८ मध्ये तो कायदाच रद्द करावा लागला. त्यामुळे ‘आम्ही आता सगळं स्वच्छ करणार’ असं कुणी म्हटलं की लोक हसायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

फट सापडली

फेब्रुवारी २०१४ मध्ये मैदान आंदोलनानंतर राष्ट्राध्यक्ष यानुकोव्हिच पळून गेले. त्यांच्या आलिशान निवासस्थानाजवळच्या पाण्यातून पाणबुड्यांनी कागदपत्रं बाहेर काढली, पत्रकारांनी ती वाळवून वाचली. लोकांचा राग शिगेला होता. पण राग काही महिने टिकतो, आणि टेंडरवर जगणारे लोक तेवढे महिने गप्प बसू शकतात.

काही स्वयंसेवकांनी ही वेळ ओळखली. शेअर बाजाराच्या व्यवसायातून आलेले ओलेक्सांद्र स्तारोदुब्त्सेव्ह त्यात पुढे होते. जॉर्जियाने २०१० मध्येच सगळी सरकारी खरेदी ऑनलाइन केली होती, तिथल्या तज्ज्ञांनी मदत केली. पण या मंडळींनी सुरुवात कायद्यापासून केली नाही, आणि माझ्या मते हाच त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय होता. नवा कायदा मागितला असता तर तो संसदेत गेला असता, तिथे त्यात अपवाद घुसले असते आणि वर्ष-दोन वर्षांत विषय थंड झाला असता.

त्यांनी जुन्याच कायद्यातली फट शोधली. एक लाख ह्रिव्नियापेक्षा कमी किमतीच्या वस्तूंना टेंडरची सक्तीच नव्हती. कार्यालय हव्या त्या दुकानातून घेऊ शकत होतं. मग हव्या त्या मार्गानेही घेऊ शकत होतं! त्यामुळे १२ फेब्रुवारी २०१५ ला ‘प्रोझोरो’ ही यंत्रणा प्रयोग म्हणून फक्त या छोट्या खरेदीसाठी सुरू झाली. ‘प्रोझोरो’ म्हणजे युक्रेनियन भाषेत पारदर्शक. स्पेलिंगमध्ये बुरखाधारी झोरोही लपवलाय, त्यामुळे नाव लगेच तोंडात बसलं. घोषवाक्य होतं, सगळ्यांना सगळं दिसतं.

मोठ्या ठेकेदारांनी लक्ष दिलं नाही. पेन, टोनर, डिझेलच्या किरकोळ खरेदीत त्यांना काय रस असणार?

पाठीराखे कुठून आले?

या काळात एकेक करून असे लोक तयार होत गेले, ज्यांचं ही यंत्रणा बंद पडली तर नुकसान होणार होतं.

पहिले म्हणजे खासगी ई-प्लॅटफॉर्म. प्रोझोरोत मुख्य डेटाबेस एकच, पण विक्रेत्याने आत यायचं ते वेगवेगळ्या खासगी कंपन्यांच्या वेबसाइटवरून. त्या विक्रेत्यांकडून छोटं शुल्क घेतात आणि ग्राहक मिळवायला आपसात स्पर्धा करतात. सुरुवातीचं सॉफ्टवेअर बनवायला या कंपन्यांनीच वर्गणी काढली. रक्कम होती जेमतेम ३५ हजार डॉलर. सरकारला अशी भेट पटकन घेता येत नव्हती, म्हणून यंत्रणा काही काळ ‘ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल युक्रेन’ या संस्थेच्या ताब्यात ठेवली आणि पुढे सरकारी कंपनीकडे दिली.

दुसरे, छोटे व्यापारी. पूर्वी बोर्डाखाली उभं राहूनही ज्यांना टेंडर दिसत नव्हतं, ते आता गावातून बोली लावत होते. लिलाव तीन फेऱ्यांचा, भाव उतरत जाणारा. तो संपला की कुणी काय कागद दिले हे हरलेल्यालाही वाचता यायचं. हरलेला ठेकेदार फुकटात काम करणारा ऑडिटर असतो, हे या यंत्रणेने ओळखलं.

तिसऱ्या गटाबद्दल फार कमी बोललं जातं : प्रामाणिक अधिकारी. वरून फोन आला की ‘अमक्याला काम द्या’, तर नाही म्हणायला त्याच्याकडे आता कारण होतं. साहेब, सिस्टिममध्ये दिसतंय, मी काय करू?

सरकारमध्येही माणसं हवी होती. बँकिंग क्षेत्रातून आलेले मॅक्झिम नेफ्योदोव्ह २०१५ मध्ये आर्थिक विकास आणि व्यापार मंत्रालयात उपमंत्री झाले, स्तारोदुब्त्सेव्ह त्याच मंत्रालयात खरेदी विभागाचे प्रमुख झाले. बचतीचे आकडे जाहीर होऊ लागले. (हे आकडे जरा जपून वाचावेत. अंदाजित किंमत आणि शेवटची बोली यातला फरक म्हणजे बचत, आणि अंदाज कार्यालयच बांधतं. तो फुगवला की बचतही फुगते. पण मंत्र्याला भाषणात सांगायला एक आकडा मिळाला, आणि राजकारणात त्याचा उपयोग झालाच.) शिवाय युरोपीय संघाशी झालेल्या करारातही खरेदी सुधारण्याची अट होती.

एवढं सगळं जमल्यावर कायदा आला. २५ डिसेंबर २०१५ ला संसदेने तो मंजूर केला. १ एप्रिल २०१६ पासून केंद्रीय खात्यांना आणि १ ऑगस्टपासून सगळ्या सरकारी कार्यालयांना प्रोझोरो सक्तीचं झालं. विरोध करायचा म्हटलं तर आता चालू गाडी थांबवावी लागणार होती.

आपल्याकडे उलटं झालं

भारतात सार्वजनिक खरेदी विधेयक मे २०१२ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. २०१४ ला लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झालं. तमिळनाडू (१९९८), कर्नाटक (१९९९) आणि राजस्थान (२०१२) यांनी स्वतःचे कायदे केले, पण केंद्राची खरेदी अजूनही मुख्यतः वित्तीय नियमांवर चालते.

त्याच काळातलं लोकपाल विधेयक आठवा. राळेगणचे अण्णा हजारे, रामलीला मैदान, टोप्या, मेणबत्त्या. तो कायदा डिसेंबर २०१३ मध्ये झाला. खरेदी विधेयक बुडालं तेव्हा कुठे मोर्चा निघाल्याचं तुम्हाला आठवतंय का? चोराला पकडणाऱ्यासाठी गर्दी जमते, बिलाच्या नमुन्यासाठी जमत नाही. त्यासाठी गर्दीऐवजी ज्यांचा रोजचा धंदा त्यावर अवलंबून आहे असे लोक लागतात.

मग सगळं स्वच्छ झालं?

नाही. सक्तीची मर्यादा चुकवायला कामांचे तुकडे पाडणं चालूच राहिलं. अटी मापाने शिवणंही थांबलं नाही. म्हणून नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘डोझोरो’ नावाचं पोर्टल आलं. ‘डोझोर’ म्हणजे पहारा. संशयास्पद टेंडरवर तिथे कुणीही बोट ठेवू शकतं आणि स्वयंसेवी संस्था त्याचा पाठपुरावा करतात. पकडलेल्या प्रत्येकाला शिक्षा होते असं मात्र अजिबात नाही. दिसणं आणि शिक्षा होणं यात पोलीस आणि कोर्ट असतात, आणि ती दुरुस्त करणं वेबसाइट बनवण्याइतकं सोपं नाही.

२०२२ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने थेट खरेदीला मुभा दिली. ते समजण्यासारखं होतं. इतर खात्यांना वर्ष संपायच्या आत पुन्हा प्रोझोरोकडे वळवलं गेलं, पण लष्कराच्या खरेदीवरचा पडदा राहिला. त्याच पडद्याआड अंडं १७ ह्रिव्नियाचं झालं. निकोलोव्ह यांना तो करार पोर्टलवर सापडला नव्हता, तो बाहेरून मिळवावा लागला होता.

बातमीनंतर महिन्याभरात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. शस्त्रं गुप्त राहतील, पण सैनिकांचं अन्न वगैरे खरेदीची प्रति नग किंमत जाहीर करावी लागेल. सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री ओलेक्सी रेझ्निकोव्ह यांनाही पद सोडावं लागलं. तेव्हा त्यांच्यावर वैयक्तिक गुन्हा नव्हता. पण लोकांनी तोवर अंड्याचा हिशेब पाठ केला होता.