घर नावावर कोणाच्या?
(कायदा आणि संसार : भाग ७)

रिसोड, मानोरा किंवा मंगरुळपीरकडच्या एखाद्या गावात घटस्फोटाचा अर्ज पडला की माहेरची माणसं पहिल्यांदा विचारतात, "घराची किंमत किती निघेल?" त्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढून आणा. त्यावर पुष्कळदा सासऱ्याचं नाव निघतं, कधी आजेसासऱ्याचंही. शिवाय तो उतारा घरपट्टी आकारणीचा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. मालकीसाठी खरेदीखत, वाटणीपत्र, आणि गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेखकडची सनद व मालमत्ता पत्रक पाहावं लागतं.

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मिळकत साधारणपणे दोघांची मिळून धरतात. आपल्याकडे तसं नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 मधलं कलम 27 फक्त लग्नानिमित्त मिळालेल्या आणि दोघांच्या मालकीच्या वस्तूंपुरतं आहे. मग घराची किंमत काढायचीच कशाला? एक तर घर दोघांच्या नावावर असेल तर एकाने दुसऱ्याचा हिस्सा घेताना ती लागते. दुसरं, कलम 25 खालची कायमची पोटगी ठरवताना नवऱ्याची ऐपत त्यातून दिसते. वडिलोपार्जित घर असेल तर त्याच्या हिश्शापुरतीच किंमत धरायची, आणि त्या घरात नणंदेचाही वाटा असतो हे विसरू नका.

ऐपत लपवणं अवघड करणारा निकाल आपल्या विदर्भातल्याच प्रकरणातून आला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेला पोटगीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 4 नोव्हेंबर 2020 रोजी न्यायालयाने दोन्ही बाजूंना मालमत्ता व देण्यांचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. शेतकऱ्यांसाठी त्याचा नमुनाच वेगळा आहे: जमीन किती, ओलिताची की कोरडवाहू, पीक कोणतं, गुरं किती, पीककर्ज किती. सोयाबीन-तुरीवर चालणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तो वकिलाकडून मागून घ्या आणि समोरच्याने भरलेला ओळ न् ओळ वाचा.

आता किंमत. मुद्रांक विभागाचा रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्क आकारण्यासाठीचा दर आहे, बाजारात तेवढेच पैसे येतील असं नाही. मूल्यांकनकार जागा आणि बांधकाम वेगळं मोजतो. बांधकामाच्या आजच्या खर्चातून घराच्या वयाप्रमाणे घसारा वजा होतो. त्यामुळे जुन्या मातीच्या, टिनाच्या घरात किंमत मुख्यतः जागेचीच उरते. दोन्ही बाजूंचे आकडे जुळलेच नाहीत, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 प्रमाणे कोर्ट कमिशनर मागता येतो. अहवालावर किंमत कोणत्या तारखेची आहे ते लिहिलेलं हवं, कारण दावा वर्षानुवर्षं चालतो.

मला सर्वांत जास्त सलतं ते वेगळंच. दागिने मोडून स्लॅब टाकला जातो, बचत गटाचं कर्ज काढून फरशी बसते, आणि त्यातलं काहीच उताऱ्यावर चढत नाही. मूल्यांकनकार ते घर मोजतो, तिचे पैसे मोजत नाही. म्हणून सोनाराची पावती, बचत गटाचं पासबुक, सिमेंट-लोखंडाची बिलं आजच एका पिशवीत घाला आणि ती पिशवी माहेरी ठेवा. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी संसार चालू असताना सुनेला तिथं राहण्याचा हक्क कसा मिळतो, ते पुढच्या आठवड्यात.