जकातीचा खरा हकदार कोण?

रमजान जवळ आला की आपल्या बाजारात दोन हिशेब सुरू होतात, एक ईदच्या मालाचा आणि दुसरा जकातीचा. किती द्यायची हे बहुतेक व्यापारी बंधूंना तोंडपाठ असते: चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच. दुकानातील ताके मोजले, रोकड आणि येणे-देणे मांडले की आकडा निघतो. पण तो कोणाच्या हाती जावा, याचा हिशेब फार थोडे लोक करतात. दारात जो आधी आला त्याला दिले की फर्ज उतरले, असे आम्हीही बरीच वर्षे समजत होतो.

आमची चूक आम्हीच सांगतो. आमच्याकडून उधारीवर कापड नेऊन गावोगावी फेरी करणारा एक भला माणूस २०२० च्या टाळेबंदीत पार बसला. त्याच्याकडे आमचे अठरा हजार रुपये अडकले. पुढच्या रमजानात आम्ही वहीत जकातीच्या नावे अठरा हजार लिहिले, त्याचे खाते बंद केले आणि मोकळे झालो. एका मौलवी साहेबांना हे सहज सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "शेठ, त्याच्या हातात काय गेले?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

जकातीत गरजूला त्या रकमेचा मालक करावे लागते. याला फिकहमध्ये 'तमलीक' म्हणतात. वहीतली बाकी खोडल्याने कोणी कशाचा मालक होत नाही. उलट, जी उधारी येणारच नव्हती ती आपण अल्लाहच्या हिश्शात टाकतो. खराब निघालेला ताका कोणी जकातीत देऊ लागला तर आपण त्याला नावे ठेवू. बुडीत उधारी तशीच आहे. उधारी माफ करणे हे मोठे पुण्य आहे, पण ती जकात नव्हे. योग्य रीत अशी की, माणूस हकदार असेल तर जकातीची रक्कम कसलीही अट न घालता त्याच्या हातात द्यावी. मग तो राजीखुशीने त्यातून देणे फेडील तर घ्यावे. आधी औषधपाणी करील तर बोलू नये. आम्ही अठरा हजार पुन्हा काढून दिले. त्याने पाच हजार परत केले; उरलेल्यात घरभाडे भरले आणि फेरीचा माल घेतला.

आठ हिस्सेदार

जकातीचे हकदार माणसाने ठरवलेले नाहीत. कुरआनच्या सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत आठ प्रकार आले आहेत: फकीर, मिस्कीन, जकात गोळा करणारे कर्मचारी, ज्यांची मने जोडायची आहेत असे लोक, गुलामांची सुटका, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातील लोक आणि वाटेत अडकलेला मुसाफिर. गुलामी आज राहिली नाही. मने जोडण्यासाठी दिला जाणारा हिस्सा पुढे बंद झाला, असे हनफी उलेमा मानतात. तेव्हा आपल्या बाजारपेठेत रोज भेटणारे हकदार मुख्यतः तीन: फकीर, मिस्कीन आणि कर्जदार.

गरजू कोणाला म्हणावे?

हनफी मसलकात याला माप आहे. साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीचा माल ज्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे, त्याला जकात घेता येत नाही. राहते घर, वापरातले कपडे, भांडी आणि धंद्याची अवजारे या मापात धरत नाहीत. आधी देणे वजा करायचे, मग उरलेले मोजायचे.

हे माप लावले की चित्र पालटते. घरात दोन यंत्रमाग आहेत म्हणून ज्याला आपण 'मालक' म्हणतो, तो सूतवाल्याचे देणे वजा जाता हकदार निघू शकतो. उलट, बिचारी वाटणाऱ्या एखाद्या बाईकडे दोन तोळ्यांचा दागिना आणि थोडी रोकड असली, तर दोन्हींची मिळून किंमत चांदीच्या मापावर जाऊ शकते. कपड्यांवरून हकदार ठरत नाही.

कोकणातील आपले भाऊ शाफई आहेत. त्यांच्याकडे चांदीचे हे माप नसून माणसाची गरज भागते की नाही, हे पाहतात. इमाम नववींनी लिहिले आहे की, कारागिराला त्याच्या कामाची अवजारे येतील इतके द्यावे आणि व्यापाऱ्याला ज्याच्या नफ्यात घर चालेल इतके भांडवल द्यावे. आमच्या मते यात सर्वांनाच घेण्यासारखे आहे. पन्नास जणांना शंभर-शंभर वाटण्यापेक्षा एकाला शिलाई मशीन घेऊन दिले, तर पुढच्या वर्षी मागणाऱ्यांत एक घर कमी होते.

यांना देता येत नाही

आईवडील, आजी-आजोबा, मुले, नातवंडे आणि पती-पत्नी यांना हनफी मसलकात एकमेकांची जकात चालत नाही. सय्यद घराण्याला जकात देत नाहीत. त्यांना आपल्या इतर पैशांतून नजराणा द्यावा. मशिदीचे बांधकाम, बोअरवेल, मय्यतीचे कफन यांतही जकात लागत नाही, कारण तिथे कोणी मालक होत नाही. भाऊ, बहीण, काका, मामा, आत्या, मावशी हकदार असतील तर त्यांना जरूर द्यावी. नातेवाइकाला दिल्याने दान आणि नाते जपणे असा दुहेरी सवाब मिळतो, असे हदीसमध्ये आले आहे.

कामगाराबद्दल विशेष जपावे. कांडी भरणारी बाई किंवा हमाल गरीब असेल तर त्याला जकात देता येते, पण ती पगारात, ठरलेल्या बोनसमध्ये किंवा जास्तीच्या कामाच्या मोबदल्यात धरता येत नाही. मजुरी हा त्याचा हक्क आहे. एकाच नोटेने दोन देणी फिटत नाहीत.

शोधायचे कसे?

मिस्कीन म्हणजे घास-दोन घासांसाठी दारोदार फिरणारा नव्हे, ज्याचे भागत नाही, ज्याची तंगी कोणाला कळत नाही आणि जो हात पसरत नाही तो, असे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सांगितले. दुसऱ्या हदीसमध्ये मागण्याची मुभा तिघांना दिली आहे: दुसऱ्याचा भार अंगावर घेऊन जामीन राहिलेला, आपत्तीत माल गमावलेला आणि ज्याच्या उपासमारीची त्याच्या लोकांतील तीन समजदार माणसे साक्ष देतात असा. हे तिघे आपल्याच बाजारात भेटतात. जामीन राहून फसलेला, आगीत किंवा पुरात माल गेलेला, आणि दोन महिन्यांपासून दुकानावर न फिरकलेला जुना गिऱ्हाईक.

म्हणून उधारीची वही उघडाल तेव्हा फक्त बाकी पाहू नका. नेहमी वेळेवर देणारा यंदा का थकला, हे मोहल्ल्यातील दोन-तीन जाणत्यांना हळूच विचारा. तो हकदार निघाला तर रक्कम पाकिटात घालून घरी पोहोचवा. "ही जकात आहे" असे सांगणे जरुरी नाही; देणाऱ्याची नियत पुरे. ईदच्या दिवशी तो ताठ मानेने आपल्या शेजारी नमाजला उभा राहिला पाहिजे.