कोळी, तेली आणि गुराखी: चोळांच्या भिंतीवरचे संत

आजचा भाग तंजावरहून. विषय आहे अन्नाच्या धंद्यातले संत आणि दगडात कोरलेल्या त्यांच्या कथा.

मध्ययुगीन युरोपात बहुतेक धंद्यांना एकेक पाठीराखा संत असे. संत लॉरेन्सला लोखंडी जाळीवर भाजून मारलं, अशी कथा आहे. म्हणून तो आचाऱ्यांचा संत झाला. चित्रांत त्याच्या हाती तीच जाळी दिसते. पण तो स्वतः काही आचारी नव्हता. कावेरीकाठी मात्र धंदा करणारा माणूसच संत झालेला दिसतो.

तंजावरपासून पस्तीसेक किलोमीटरवर, कुंभकोणमला लागून दारासुरम आहे. तिथलं ऐरावतेश्वराचं देऊळ दुसऱ्या राजराज चोळाने १२व्या शतकात बांधलं. त्याच्या थोडं आधी सेक्किळार यांनी ‘पेरियपुराणम्’ रचलं. त्यात ६३ शिवभक्तांची, म्हणजे नायनारांची चरित्रं आहेत. आपल्या महिपतींच्या ‘भक्तविजया’च्या जातीचा हा ग्रंथ. त्यातले प्रसंग मुख्य देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर, खालच्या अंगाला, लहान लहान चौकटींत कोरले आहेत. सोबत तमिळ अक्षरांत नावंही आहेत.

यातले तिघे पाहा. अतिभक्त हा नागपट्टिनमचा कोळी. रोजच्या जाळ्यातला एक उत्तम मासा तो शिवासाठी समुद्रात सोडून देई. पुढे दिवसाला एकच मासा मिळू लागला. घरात उपासमार सुरू झाली, तरी तो सोडत राहिला. शेवटी जाळ्यात सोन्याचा, रत्नजडित मासा आला. तोही त्याने सोडला. कलिय हा तिरुवोट्रियूरचा तेली. देवळातले दिवे लावता लावता घाणा गेला, तेव्हा दुसऱ्याच्या घाण्यावर मजुरी केली. तीही मिळेना, तेव्हा दिव्यांत स्वतःचं रक्त ओतायला निघाला. तिसरा इळयान्गुडीचा शेतकरी मारनार. पावसाळी रात्री दारात अतिथी आला, घरात दाणा नाही. त्याने सकाळी पेरलेलं भात शेतातून वेचून आणलं आणि बायकोने ते शिजवून वाढलं. फौजेत राखीव साठ्याला आम्ही सहसा हात लावत नसू. बियाणं म्हणजे शेतकऱ्याचा राखीव साठाच की!

तिन्ही कथांत परीक्षा नेमकी पोटावर येते. कोणी धंद्यात बरकत मागत नाही. ज्याच्यावर घर चालतं तेच देऊन टाकतात.

आता तंजावरच्या मोठ्या देवळात या. पहिल्या राजराजाचं हे बृहदीश्वर मंदिर १०१० मध्ये पुरं झालं. इथले शिलालेख हिशेबाच्या वहीसारखे आहेत. एका नंदादीपासाठी ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी गुराख्यांच्या हवाली करायच्या आणि त्यांनी रोज एक उळक्कू, म्हणजे ठरलेलं एक माप, तूप द्यायचं. गुराख्यांची नावंसुद्धा दगडावर आहेत. म्हणजे तेल-तूप देणाऱ्यांशिवाय देवाचा दिवा पेटत नव्हता, आणि हे राजाला पक्कं ठाऊक होतं.

याच आवारात उत्तरेला चंडेश्वराचं छोटं देऊळ आहे. चंडेश्वर हाही नायनार. ब्राह्मणाचा मुलगा, पण गुरं राखू लागला आणि वाळूच्या पिंडीवर दूध ओतू लागला. बापाने दुधाचं भांडं लाथाडलं, तेव्हा त्याने बापाचे पाय तोडले. कथा कठोर आहे. पण शिवाने त्यालाच आपला कारभारी नेमलं. देवळाची जमीन, कर्जाऊ रक्कम, सारे व्यवहार लेखांत चंडेश्वराच्या नावाने होतात.

आपल्याकडे अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, विठोबाच त्यांच्याकडे आला, अशी श्रद्धा आहे. संताजी जगनाडे घाणा चालवत आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवत. तिथे धंदा सांभाळूनच भक्ती झाली. नायनारांच्या कथा एक पाऊल पुढे जाऊन विचारतात: धंदाच बुडायची वेळ आली तर?

तंजावरला आलात तर चंडेश्वरासमोर लोक हलकेच टाळी वाजवताना दिसतील. देवाचं काही घेऊन जात नाही, हात रिकामे आहेत, असा त्याचा अर्थ सांगतात. कारभारी अजून हिशेब ठेवतोय!

याच देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्याविषयी पुढच्या भागात.