अनोळखी अक्षरांची ओढ

बडोद्याचे नाव निघाले की सयाजीराव गायकवाडांचे दोन निर्णय आठवतात. १९०६ मध्ये त्यांनी मुलांप्रमाणे मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. मुलगी लिहावयास शिकली तर परपुरुषास चिठ्ठ्या लिहील, हा स्त्रीशिक्षणाच्या विरोधकांचा तेव्हाचा लाडका आक्षेप. मोबाइलवरच्या संदेशांतून दोन अनोळखी माणसांची मने जुळतात, अशा कादंबऱ्यांवर आजची तरुण पिढी लुब्ध झालेली पाहून वडीलधारे नाक मुरडतात, तेव्हा तोच आक्षेप नवी वस्त्रे लेऊन आल्यासारखा आम्हांस वाटतो.

जर्मन लेखिका सोफी क्रामर यांच्या २००९ मधील कादंबरीत नायिका दिवंगत प्रियकराच्या क्रमांकावर संदेश धाडीत राहते. तो क्रमांक नव्याने ज्यास मिळाला, त्या परक्या पुरुषाच्या हाती ते पडतात. कल्पना नवी खरी. पण केवळ गुणश्रवणावर विसंबून विदर्भातल्या राजकन्येने गुजरातेतील द्वारकेस धाडलेले पत्र याच जातीचे नव्हे काय? एकनाथांनी १५७१ मध्ये ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले आणि लग्न जुळावे म्हणून त्याची पारायणे आपल्या घरांतून अजून होतात. मुलीच्या हातचा फोन काढून घेणारी आई तिच्या हाती जी पोथी देते, तिच्यातही असे एक पत्रच आहे!

आपल्याकडे लग्न ठरते ते आधी पत्रिका, मग गोत्र, छायाचित्र, पगार आणि शेवटी कांदेपोहे, या क्रमाने. माणूस कशावर हसतो, कशाने दुखावतो, हे अक्षता पडल्यावर कळावयाचे. या कादंबऱ्या तो क्रम उलटा करतात. त्यांत शब्द आधी येतो, रूप आणि मिळकत मागाहून. शिवाय त्यांत वाट पाहणे आहे. मुंबईच्या पत्रासाठी पोस्टमनकडे डोळे लावून पिढ्या घालविलेल्या कोकणी घरांना त्याची गोडी काय सांगावी?

शब्द फसवितात, हे मान्य. छायाचित्र आणि पगाराचा आकडा तरी कोठे नेहमी खरा निघतो?

या कथांतील अवघड पान असते ते भेटीचे. रितेश बत्रा यांच्या २०१३ च्या ‘द लंचबॉक्स’ चित्रपटात चुकलेल्या डब्यातून चिठ्ठ्या लिहिणारा प्रौढ नायक ठरल्या वेळी उपाहारगृहात येतो, वाट पाहत बसलेल्या तिला दुरूनच न्याहाळतो आणि न भेटताच परततो.